बीडीएसच्या इंटर्नशिपमध्ये काय शिकून घ्यायचं: कॉलेज कुठपर्यंत आणतं आणि पुढचं आपण कसं भरून काढायचं

बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची पदवी, पास झाल्यावर मी सोलापुरात सात रस्त्याच्या बाजूला एका दातांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून लागले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेरगावी गेलेले आणि एक मावशी आल्या, बिड्या वळणाऱ्या, अशोक चौकाच्या पलीकडनं भर उन्हात चालत आलेल्या, उजव्या गालावर हात ठेवून. निम्मं तेलुगू निम्मं मराठी बोलत होत्या, खालची दाढ दुखायलीय, दोन रात्री झोप नाही. खालच्या दाढेत कीड होती पण, चांगली मोठी, समोर दिसत होती. मी ब्लॉक दिला, म्हणजे खालचा अर्धा जबडा बधिर करायचं इंजेक्शन, ओठ बधिर झाला, मावशींचं दुखणं तसंच. परत दिला, परत तसंच. अर्धा तास मी खालच्याच दाढेशी लढत होते आणि दुखत होती वरची दाढ, दोन दाढांच्या मधे किडलेली, आरसा धरल्याशिवाय दिसणार नाही अशी. पल्पचं, म्हणजे दाताच्या आतल्या नसेचं, दुखणं त्याच बाजूला वरनं खाली खालनं वर फिरतं, मधली रेष ओलांडत नाही, हे मला पाठ होतं, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, सांगितलं पण होतं. खालचा ओठ बधिर होऊनही दुखणं तसूभर कमी होत नाही म्हणजे दुखणं खालचं नाहीच, हे तिथंच कळायला हवं होतं, नाही कळलं.

मी बरेच दिवस विचार केला की असं का झालं, कारण अभ्यासात मी कच्ची नव्हते. मग लक्षात आलं की कॉलेजमध्ये पेशंट माझ्या खुर्चीपर्यंत यायचा तेव्हा त्याच्या केस पेपरवर ओपीडीतनं लिहूनच यायचं, ४६ आरसीटी, म्हणजे खालच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल. कुठला दात हे दुसऱ्यानं ठरवलेलं, काय करायचं हे पण ठरवलेलं, मी फक्त करायची, आणि प्रत्येक स्टेपला सर बघून सही करायचे. दात कसा उघडायचा ते शिकले, कुठला उघडायचा आणि उघडायचा का नाही ते कधी एकटीनं ठरवलंच नव्हतं. क्लिनिकमध्ये पहिल्या दिवसापासनं तेच करायचं असतं. माझ्याकडं गेली काही वर्षं इंटर्नशिप झालेली मुलंमुली येतात, त्यांच्यातही मला हेच दिसतं, हात बरे असतात पण ठरवायची वेळ आली की मान वळवून मागं बघतात. म्हणून हे लिहितेय, इंटर्नशिपच्या वर्षात बसलेल्यांसाठी, कारण हे वर्ष गेलं की मागं कोणी उभं नसतं.

कॉलेज वाईट असतं असं मी म्हणत नाहीये, ते आधी सांगते. चार वर्षात जे शिकवतात ते कुठंही बाहेर शिकता येणार नाही. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, हात बसतो, इन्स्ट्रुमेंट धरायची, बोट टेकवून काम करायची सवय लागते, पूर्ण कवळीच्या सगळ्या स्टेपा स्वतःच्या हातानं करून बघितलेल्या असतात. आणि सोलापूर भागातल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट भरपूर बघायला मिळते ती म्हणजे तंबाखूचं तोंड. मिश्री, मावा, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासनं बंदी आहे तरी तोंड न उघडणारी पोरं ओपीडीत येतातच. सबम्युकस फायब्रोसिसचा, म्हणजे सुपारी-गुटख्यानं आतनं कडक झालेला, गाल बोटाला कसा दोरीसारखा लागतो हे ज्यानं पन्नास वेळा लावून बघितलंय त्याला पुस्तकातल्या फोटोची गरज राहत नाही. हे कॉलेजचं देणं आहे, ते मनापासून घ्या.

अडचण कोट्याची आहे. इतक्या एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं), इतक्या फिलिंग, इतक्या आरसीटी, तो आकडा भरला की त्या डिपार्टमेंटची पोस्टिंग सुटली. मग आपण पेशंट शोधत नाही, कोट्यात बसणारा दात शोधतो. आणि एका पेशंटच्या तोंडात पाच तक्रारी असतील तर तो पाच डिपार्टमेंटमध्ये पाच जणांकडं जातो, हिरड्या एकाकडं, दाढ दुसऱ्याकडं, कवळी तिसऱ्याकडं, पूर्ण तोंड कोणीच बघत नाही. बाहेर मात्र तो माणूस आपल्या एकाच खुर्चीत बसतो आणि विचारतो, आधी काय करायचं डॉक्टर?

आता करायचं काय ते सांगते.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. सरांना काहीही विचारायच्या आधी त्यात चार ओळी लिहा: कुठला दात, कशावरनं म्हणतोय, काय करणार, आणि ते नाही जमलं तर काय करणार. मगच सरांकडं जा. सर जे म्हणतील ते खाली वेगळ्या पेनानं. बस एवढंच. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या आठवड्यात हात थांबतो, कारण आपल्याला उत्तर विचारायची सवय असते, उत्तर द्यायची नसते. चौथी ओळ तर बहुतेकांना सुचतच नाही. दोन-तीन महिन्यांनी मागची पानं काढा, तुमचं आणि सरांचं कुठं कुठं वेगळं झालंय ते बघा, तिथंच तुम्ही कच्चे आहात. कोणी एक्सरे वाचण्यात चुकतं, कोणी हिरडीचं दुखणं दाताचं समजतं. माझ्याकडच्या एका मुलीचं कळलं की ती प्रत्येक दाताला आरसीटीच लिहायची, काढायचा दात तिला ओळखूच यायचा नाही, म्हणजे हाड किती राहिलंय, कॅप धरायला दात उरलाय का, हे ती बघतच नव्हती. वही नसती तर हे तिला कधी कळलं नसतं.

कुठला दात हे शोधायला मशीन लागत नाही. सुईच्या टोपणात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा, बर्फाची कांडी तयार होते, ती थंड टेस्टला. आधी चांगल्या दाताला लावा, मग संशयाच्या, म्हणजे पेशंटला पण कळतं की साधं थंड कसं लागतं. बर्फ काढल्यावर कळ लगेच गेली का रेंगाळली, रेंगाळली तर पल्प बहुतेक वाचणार नाही. मग आरशाच्या दांड्यानं हलकं ठोकून बघा, हिरडीवरनं बोट फिरवा, कापसाची गुंडाळी एकेका दाताखाली चावायला द्या, प्रोबनं, म्हणजे खुणांच्या बारीक सळीनं, दाताच्या चारी बाजूनं हिरडीची खोली मोजा, आणि सगळ्यात शेवटी एक्सरे. आपण उलटं करतो, आधी एक्सरे काढतो आणि त्यात जे काळं दिसेल त्याच्या मागं लागतो. मावशींच्या बाबतीत मी एक्सरे पण काढला होता, खालचाच.

दुसरं म्हणजे एक पेशंट पूर्ण धरा. डिपार्टमेंटच्या सरांना सांगून बघा की या माणसाचं सगळं मी करतो, हिरड्यांपासनं कवळीपर्यंत, दुसऱ्या डिपार्टमेंटला जाईल तेव्हा मी बरोबर जातो. बरेच सर हो म्हणतात, विचारणारं कोणी नसतं म्हणून होत नाही. वर्षात असे चार-पाच पेशंट जरी झाले तरी ‘आधी काय’ याचं उत्तर यायला लागतं: आधी दुखणं थांबवायचं, मग सूज-पू, मग हिरड्या स्वच्छ आणि न वाचणारे दात काढून घ्यायचे, मग फिलिंग-आरसीटी, आणि कॅप-कवळी सगळ्यात शेवटी. पुस्तकात हा क्रम आहे. पण त्या माणसाला पहिल्यांदा कॅपच पाहिजे असते कारण पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तेव्हा काय करायचं ते पुस्तकात नाही, तिथं तात्पुरती कॅप देऊन वेळ कसा काढायचा हे एकदा करूनच कळतं.

बधिर करण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण नवीन डॉक्टरची पत इथंच बनते किंवा जाते. गावात लोक विचारत नाहीत मार्क किती होते, विचारतात दात काढताना दुखलं का. खालच्या दाढेचा ब्लॉक फसायचं मुख्य कारण सुई कुठं आहे ते न कळता औषध सोडणं. सिरिंज तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या प्रीमोलरवरनं (सुळ्यामागच्या छोट्या दाढांवरनं) आणा, साधारण वीस ते पंचवीस मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागलं पाहिजे. फार लवकर हाड लागलं तर सुई पुढं आहे, थोडी मागं घ्या, सिरिंज पुढच्या दातांकडं वळवून आत न्या आणि मग पुन्हा जागेवर आणा. हाड लागलंच नाही तर फार मागं गेलाय, तिथं औषध सोडायचं नाही, मागं घ्या आणि सिरिंज त्याच दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दाढांकडं सरकवा. ऍस्पिरेट केल्याशिवाय, म्हणजे दट्ट्या मागं ओढून रक्त येत नाही ना ते बघितल्याशिवाय, एक थेंब सोडायचा नाही. सावकाश सोडा, मिनिट लावा. आणि मग थांबा, खरंच थांबा, दहा मिनिटं. ओठ बधिर झाला म्हणजे पल्प बधिर झाला असं नसतं, सुजलेल्या पल्पच्या दाढेत तर हे फारच होतं. ड्रिल लावायच्या आधी परत तीच बर्फाची कांडी लावा, कळ आली तर दात बधिर नाही, बाजूनं किंवा दात-हाडाच्या मधल्या लिगामेंटमध्ये अजून द्यावं लागेल. पेशंटला दुखवून शोधायची गरज नाही.

डोसाचा हिशोब पण तोंडपाठ पाहिजे. बधिर करायला आपण वापरतो ती २ टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम, ऍड्रेनलीनसकट असेल तर किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि काही झालं तरी ५०० च्या वर नाही. हार्टच्या पेशंटला आधी ऍड्रेनलीन मोजा, ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे १:८०,००० च्या औषधाचे जेमतेम ३ मिली. कॉलेजमध्ये हा हिशोब परीक्षेपुरता होतो, पण समोर ४० किलोची म्हातारी आजी बसली की तो तोंडी आला पाहिजे.

बीपी प्रत्येकाचं बघा, प्रत्येकाचं. सोलापुरात चाळिशीच्या पुढचा माणूस ‘मला काय नाही’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की कधी तपासलं नाही. शुगरची गोळी घेतली पण भीतीनं जेवलाच नाही असा पेशंट सकाळी अकराला खुर्चीत घाम फुटून पांढरा पडतो, त्याला विचारायचं असतं ते सुईच्या आधी. रक्त पातळ करायची छोटी ऍस्पिरिन साध्या एक्स्ट्रॅक्शनला बंद करायला सांगू नका, नवीन लोक घाबरून सांगतात, दातातलं रक्त दाबून, टाके घालून थांबतं, बंद केलेल्या गोळीमुळं हार्टला झालं तर ते थांबत नाही. चक्कर आली की खुर्ची आडवी, पाय वर, हे हातानं दोनचार वेळा करून बघा, आपल्या बॅचमेटला पेशंट करून. ऍनाफिलॅक्सिसला, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ऍलर्जीला, मोठ्या माणसाला ऍड्रेनलीन १:१००० चे अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ती ऍम्प्युल क्लिनिकमध्ये कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे नोकरीच्या पहिल्या दिवशी विचारा.

आता आपल्या उन्हाचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा असतो, त्यात लाईट गेली की अल्जिनेट (दातांचं माप घ्यायची पावडर) ट्रेमध्ये भरेपर्यंत घट्ट होतं, जीआयसी (फिलिंगचं सिमेंट) स्लॅबवरच वाळतं, आणि आपण समजतो आपलं मिक्सिंग चुकलं. चुकलेलं नसतं, गरमीत ही मटेरियल लवकर सेट होतात. अल्जिनेटला फ्रीजमधलं पाणी वापरा. जीआयसीची काचेची स्लॅब थंड करून घ्या पण पूर्ण कोरडी पुसून, पाण्याचा थेंब राहिला तर फिलिंग कमजोर होतं. माप घेतलं की लगेच प्लास्टर ओता, कोरड्या हवेत अल्जिनेटमधलं पाणी उडतं आणि माप आकसतं, लॅबला पाठवायला वेळ लागणार असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा तेही थोडाच वेळ. पावडर कमी घालून वेळ वाढवायचा उद्योग करू नका, फिलिंग सहा महिन्यात निघतं आणि पेशंट परत येत नाही, दुसऱ्याकडं जातो.

आरसीटीचा हात वाढवायचा तर काढलेले दात जमवा. ऑटोक्लेव्ह करून वापरायचे, पण चांदी भरलेले दात ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचे नाहीत, पाऱ्याची वाफ होते, ते १० टक्के फॉर्मलिनमध्ये दोन आठवडे ठेवा. कोट्यात बहुतेक पुढचे एका मुळाचे दात येतात आणि क्लिनिकमध्ये येतात दाढा, तेव्हा वरच्या पहिल्या दाढा जमवून उघडत बसा आणि चौथा कॅनाल (मुळातली नसेची नळी) शोधा, बहुतेक दाढांत असतो. दहा उघडल्यावर हात स्वतःहून तिकडं जातो. रबर डॅम, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा, लावायला कंटाळा करू नका. कॅनाल धुवायचं हायपोक्लोराईट देताना बाजूला भोक असलेली सुई, कॅनालमध्ये अडकू न देता, वर्किंग लेंग्थच्या (कॅनालच्या मोजलेल्या लांबीच्या) दोन मिलिमीटर अलीकडं, आणि जोर नाही.

बोलणं. हा विषय कॉलेजमध्ये नसतोच म्हटलं तरी चालेल आणि आपल्या गावात तो अर्धी प्रॅक्टिस आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, सगळे लोक येणार. पूर्ण भाषा नाही आली तरी दहा-बारा शब्द शिका, मी वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते. तेलुगूत ‘नोप्पी उंदा?’, कन्नडमध्ये ‘नोवू ऐतेन?’, म्हणजे दुखतंय का, आणि ‘बायी तेगीरी’, तोंड उघडा. उच्चार चुकला तर पेशंट हसतात आणि त्यांचे खांदे सैल पडतात, तेवढ्यासाठी पण शिकण्यासारखं आहे.

‘वरची दाढ काढली की नजर जाती म्हणत्यात’, हे तुम्हाला आठवड्याला एकदा तरी ऐकू येणार. त्यावर हसू नका आणि ‘असं काही नसतं’ म्हणून उडवू पण नका, ती भीती आजीकडनं, आईकडनं आलेली असते. मी आरसा हातात देते आणि सांगते की डोळ्याची नजरेची नस मेंदूतनं थेट डोळ्यात येते, दाताची नस वेगळी, दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नाहीत, आणि या वयात नजर तशीही कमी होते म्हणून लोकांना वाटतं दातामुळं झालं. एवढं दोन मिनिटं बोललं की बहुतेक लोक तयार होतात. नाही झाले तर दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन या म्हणते.

‘कडक भाकरी चावता येईल का?’ हा कवळीचा खरा प्रश्न. कॉलेजमध्ये आपण कवळी बसली, बोलताना हलत नाही, फोटो काढला, सही झाली. आपल्याकडच्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगा चटणी खायची असते. खोटं हो म्हणू नका. पहिले काही दिवस मऊ, मग आमटीत चुरून, दोन्ही बाजूनं सारखं चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही, आणि चटणीचे कण कवळीखाली जाऊन टोचणार तेव्हा जेवणानंतर काढून धुवायची. हे आधी सांगितलं की पेशंट सूचना मानतो, नंतर सांगितलं की बहाणा मानतो.

पैशाचं बोलायला पण शिकावं लागतं. कॉलेजमध्ये काउंटरवर पावती फाडतात, आपला संबंध नसतो, त्यामुळं बाहेर आल्यावर आकडा सांगताना आवाज खाली जातो आणि मग पेशंटला वाटतं काहीतरी गडबड आहे. काम सुरू करायच्या आधी सांगा, सगळा आकडा सांगा, कॅपसकट. आणि पर्याय सगळे सांगा: वाचवला तर इतके, काढला तर इतके, काहीच नाही केलं तर काय होईल. आरसीटी अर्ध्यावर सोडून गेलेले बहुतेक पेशंट दुखणं थांबलं म्हणून जातात किंवा पुढचा आकडा ऐकून जातात, दुसरं तरी आपल्या हातात आहे. संमतीपत्र त्यांना वाचता येईल अशा भाषेत, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

कुठं थांबायचं हे पण वहीत लिहा. दोन आठवड्यात न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलायला लागलेला दात, दोन बोटं सुद्धा आत न जाणारं तोंड, यात स्वतः प्रयोग नाही, बायोप्सीसाठी (तुकडा काढून तपासायला) ओरल सर्जनकडं किंवा सिव्हिलला पाठवा आणि चिठ्ठी देऊन विसरू नका, गेला का ते विचारा. मिश्री लावणाऱ्या बायकांना कोणी विचारतच नाही कारण त्या तंबाखू ‘खात’ नाहीत, दात घासतात, म्हणून प्रश्न तसाच विचारा, दात कशानं घासता?

कागदपत्रांचं थोडक्यात: महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय स्वतंत्र काम नाही, एक्सरे मशीन असेल तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणं कचरा वेगळा, रक्ताचा कापूस पिवळ्यात, ग्लोव्हज-सक्शन टीप लाल, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात एक्झिट टेस्टची, म्हणजे कोर्सच्या शेवटच्या देशभराच्या परीक्षेची, तरतूद आहे, त्याची तयारी करा, पण ती तयारी आणि ही वही वेगळ्या आहेत, एकीनं दुसरीचं काम होत नाही.

पहिली नोकरी बघताना पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा. मी काम करताना तुम्ही बघणार का, आणि माझ्याकडनं काही चुकलं तर पेशंटशी कोण बोलणार. ऑटोक्लेव्ह चालू दाखवा म्हणा, लाज वाटू देऊ नका. जिथं पहिल्याच दिवशी पूर्ण क्लिनिक तुमच्यावर टाकून मोठे डॉक्टर निघून जातात तिथं पैसे जास्त असतात, पण पहिलं वर्ष तिथं घालवू नका, निदान सहा महिने कोणाच्या तरी नजरेखाली काढा. खुर्चीसाठी लगेच कर्ज काढायची घाई पण नको.

आणि फोन करा. दात काढलेल्या प्रत्येकाला, त्याच संध्याकाळी एकदा आणि तिसऱ्या दिवशी एकदा. संध्याकाळचा रक्तासाठी. तिसऱ्या दिवसाचा यासाठी की ड्राय सॉकेटचं, म्हणजे दाताच्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेल्याचं, दुखणं साधारण तेव्हाच वर येतं, आधी कमी झालेलं परत वाढतं, कानापर्यंत जातं, आणि पेशंटला वाटतं डॉक्टरनं काहीतरी बिघडवलं. मेडिकलमधनं गोळ्या आणून खात बसतो. तुम्ही आधी फोन केलात तर तो येतो, धुवून औषध घातलं की त्याला बरं वाटतं, आणि तुम्हाला तुमच्या कामाचं पुढं काय झालं ते कळतं. कॉलेजमध्ये हे कळत नाही, पोस्टिंग बदलते आणि पेशंट पुढच्या बॅचकडं जातो. मावशींना मी तिसऱ्या दिवशी फोन केला होता, त्यांच्या पोरीनं उचलला, म्हणाली आई झोपलीय, दुपारी पण झोपली होती. वहीत तारीख टाकून तेवढंच लिहिलं.